दिवेलागणीचा फोन

"पासपोर्ट गेला, मंगलाताई! पेटीतून गेला!"

दांडी गावच्या स्नेहाने हवालदार मंगलाला हाताला धरूनच घरात आणलं. परवा पासपोर्ट घेऊन मुंबईला जाऊन लग्नाच्या दाखल्यावर शिक्के घ्यायचे होते. ते झालं की फॅमिली व्हिसा, आणि मग कुवेत, नवऱ्याकडे. त्यापायी पोरीने बालवाडीतली नोकरीसुद्धा सोडली होती. घ्या आता!

मंगलाने पेटी उघडली. कुलूप शाबूत. सोन्याची माळ जागेवर, बांगड्या जागेवर.

"भला चोर! सोनं सोडून पासपोर्ट नेला. किल्ली कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक आईंकडे."

सासू येसूबाई ओट्यावर डोळ्यांना पदर लावून बसली होती. "मी कशाला घेऊ? माझा धीरज तिकडं एकटा हाय. सून गेली तर मला सुख नाय का?"

"आईंवर संशय घेऊ नका," स्नेहा तडकली. "तीन वर्षांत वावगा शब्द बोलल्या नाहीत मला."

"बरं बाई. धीरजला कळवलंस?"

"काल. रोज दिवेलागणीला फोन करतो तो. म्हणाला, मीही आत्ताच देवापुढे दिवा लावला, बाहेर अंधार पडलाय, रडू नकोस. पुढच्या महिन्यात बघू."

"व्हिडिओवर दिसतो का?"

"कामगारांच्या कॅम्पात नेट बरं नाही. नुसतं बोलतो."

मंगलाने बोईसर गाठलं. व्हिसाची कामं करणारा निमेश आधीच वैतागलेला होता.

"मॅडम, पासपोर्ट काय, नवा निघेल. नवऱ्याचे कागद कुठायत? अर्ज त्यानेच तिथे करायचा असतो. चालू रहिवासी कार्ड लागतं, पगाराचा दाखला लागतो. सहा महिने मागतोय, नुसतं 'पाठवतो, पाठवतो'. आता शिक्के झाले की त्याला सबबच उरणार नाही."

मंगला बाहेर पडली. तिला धीरजचा राग यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी येसूबाई सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसली. मंगला साध्या कपड्यांत समोरच होती. म्हातारीने दुपारपर्यंत दोन चहांवर भागवलं. जेवणाचा डबा उघडलाच नाही. मग डबा उचलून ती मागच्या चाळीतल्या एका खोलीत शिरली.

मंगलाने स्नेहाला सकाळीच बोईसरला बोलावून ठेवलं होतं. दोघींनी त्या खोलीचं दार ठोठावलं.

दार धीरजने उघडलं. मागे येसूबाई डबा सोडत होती.

"ऐक स्नेहा," मंगला म्हणाली. "चोराला सोनं नको होतं, तुझं जाणं अडवायचं होतं. कुलूप किल्लीने उघडलं, म्हणजे घरातलं माणूस. पण तुला अडवून सासूला काय मिळणार? तेव्हा मला तो दिवा आठवला. कुवेत आपल्या अडीच तास मागे. आपल्याकडे सात, तर तिथे साडेचार, टळटळीत ऊन. धीरज, तुझ्याकडे अंधार कसा पडला रे? आणि नोकरी गेली की तिथलं कार्ड जातं. तू पाठवणार काय, कपाळ? कधी आलास?"

"सात महिने झाले." धीरजची मान खाली. "कंपनीने काढलं. गावाने हार घालून धाडलेलं मला. कुठल्या तोंडाने येऊ?"

"पोर लाजला गं," येसूबाईने कमरेच्या पिशवीतून पासपोर्ट काढला. "दुसरं काम मिळेस्तोवर गप रा बोलला. त्यानंच घ्यायला सांगितला. आई हाय मी, काय करू?"

स्नेहा पुढे झाली. तिने डब्याकडे बोट दाखवलं.

"रोज फोनवर विचारायचे मी, जेवलास का म्हणून. आणि आई, या भाकऱ्या मीच भाजत होते! पहाटे उठून, तुम्ही दिवसभर बाजारात उपाशी राहू नये म्हणून. नोकरी सोडली तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाहीत. उलट पेढे वाटलेत!"

"पोरी..."

स्नेहाने तिच्या हातून पासपोर्ट काढून घेतला आणि मंगलाकडे वळली.

"ताई, तक्रार लिहा."

"नाव कुणाचं घालू?"

"दोघांचं. आईंचं आधी."