सायलीचे अकरा दिवस

"जरा बाजूला होता का? माझं ऊन अडवताय तुम्ही."

भेस्तानच्या डाइंग मिलच्या दारात मोटारसायकल लावणारा तुषार चपापला. ऊन अडवल्याचा आरोप त्याच्यावर आजवर कुणी केला नव्हता. समोर एक मुलगी कापडाचे दोन तुकडे शेजारी शेजारी धरून, डोळे बारीक करून उभी होती.

"घ्या तुमचं ऊन," तो सरकत म्हणाला. "अजून काही परत हवंय माझ्याकडून?"

"सध्या नाही," ती वर न बघता म्हणाली. मग… बघितलंच वर, क्षणभर.

ही सायली. मिलच्या लॅबमध्ये रंग तपासायची. गिऱ्हाईक पार्टीने पाठवलेला नमुना आणि मिलमध्ये रंगलेलं कापड ती आधी उन्हात बघे, मग सावलीत, मग ट्यूबलाइटखाली, आणि तिन्हीकडे जुळलं तरच 'पास' लिहून देई. तुषार सेल्समध्ये नवा लागलेला, शिक्षकाचा मुलगा, नाशिकचा. त्याचा सगळा कारभार झटपट. कुणी काहीही विचारलं की इथल्या गुजरातीत 'चालशे', चालेल, म्हणून मोकळा. मिलमध्ये सगळे तिला सायलीबेन म्हणत. तुषारने तेवढं एक पहिल्या दिवसापासून टाळलं, आणि हे तिच्या लक्षात यायला अर्थातच दोन आठवडे लागले.

तिला सगळ्यालाच वेळ लागे. तिच्या नवागामच्या घरात तो चेष्टेचा विषय होता. वडील निंबा यांचं आयुष्य लूमवर गेलेलं, आई सरलाबाई बोलायला फटकळ. "हाई पोर पाणी पेवाना आधी बी ईचार करस," ती शेजारणीला सांगायची. सायलीचा विचार पुरा होईपर्यंत बाकीचे ठरवून मोकळे होत. कॉलेजचा विषय असाच ठरला, मावसबहिणीच्या साखरपुड्याला घालायचा तिचा ड्रेससुद्धा. ती गप्प बसली म्हणजे तिचा होकार, असंच घरात धरलं जाई. आपलं डोकंच मंद, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं, आणि ते तिला फार लागायचं.

मग मरून रंगाच्या साड्यांचा एक लॉट आला. लग्नाची ऑर्डर, संध्याकाळची वेळ, ऊन गेलेलं, टेम्पो दारात. सायली म्हणाली, सकाळपर्यंत थांबा. तुषारने ट्यूबलाइटखाली एक नजर टाकली, 'चालशे' म्हणाला आणि माल भरायला लावला. सकाळी पार्टीचा फोन आला. उन्हात सगळ्या साड्या तपकिरी दिसत होत्या.

तो तडक शेठच्या केबिनमध्ये गेला. कुणी विचारायच्या आत त्याने सांगून टाकलं, की सायलीने थांबवलं होतं, मीच ऐकलं नाही. दाराबाहेर रजिस्टर घेऊन उभ्या असलेल्या सायलीने ते ऐकलं.

परत आलेला लॉट पुन्हा रंगवायला दोन दिवस लागले. ती रंगाचं प्रमाण बदलत राहिली, तो प्रत्येक ओला तुकडा वाळवून उन्हात नेत राहिला. शेवटी रंग जुळला, तेव्हा ती सवयीने म्हणाली, "सॉरी, मला जरा वेळच लागतो. डोकं मंद आहे माझं."

"कोण म्हणतं? तुम्हाला एकदा बघून भागत नाही, एवढंच." तो थांबला. "आणि मी हुशार म्हणून झटपट नाही… शंका मनात घेऊन बसणं मला सोसत नाही, म्हणून काहीतरी ठरवून टाकतो. हे मला परवा कळलं. तुमच्यामुळे."

सव्वीस वर्षं जिची लाज वाटली, त्या खोडीला कुणीतरी इतकं साधं, चांगलं नाव दिलं होतं. आभार कसे मानायचे याचा ती विचार करत होती, तेवढ्यात हा गडी म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल?"

आणि लगेच जीभ चावली. "नको, आज नका सांगू. हवा तेवढा वेळ घ्या. मी थांबेन."

"तुम्ही… थांबाल?"

"शिकतोय."

इकडे घरात धुळ्याचं स्थळ चालून आलं होतं. सरलाबाईंनी अर्धा होकार कळवलाही होता. पुढच्या रविवारी ती माणसं येणार, आणि तोवर सायली बोलली नाही तर नेहमीसारखं ठरून जाणार होतं. तरी तिने घाई केली नाही. पहिल्यांदाच तिला स्वतःच्या सावकाशपणाचा आधार वाटत होता.

तिने तुषारला सकाळी ताजातवाना असताना पाहिलं, दुपारी टेम्पोवाल्याशी भांडताना पाहिलं, फोनवर आईशी बोलताना ऐकलं. त्याने एकदाही विचारलं नाही. फक्त ती चहाला समोर आली की त्याचे कान लाल व्हायचे.

दहाव्या दिवशी, जेवणं चालू असताना, ती म्हणाली, "धुळ्याला 'नाही' म्हणून कळवा. माझ्या मनात एक मुलगा आहे." सरलाबाईंची भाकरी हातातच राहिली. मग लोकांना काय तोंड दाखवू, हे सुरू झालं. निंबांनी हाताने सरलाबाईंना थांबवलं.

"ईचार करी लिधा ना, पोरी?"

"केला, आबा. दहा दिवस केला."

"मंग बराबर शे," ते म्हणाले, आणि त्यांनी वरण वाढून घेतलं.

अकराव्या दिवशी मिलबाहेरच्या चहाच्या हातगाडीपाशी तिने तुषारला गाठलं. तिचा आवाज सरळ निघाला.

"तुम्ही घाई करता. समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडता. पण चुकलात तर लपवत नाही, आणि माझ्यासाठी अकरा दिवस गप्प बसलात. एवढं माझ्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं." तिचे डोळे भरले. "माझा होकार आहे."

तुषारने तोंडापाशी नेलेला ग्लास तसाच खाली ठेवला. ग्लासातला चहा निवत चालला.

"काय झालं?" तिने घाबरून विचारलं.

"परत सांग ना," तो हळूच म्हणाला, पहिल्यांदाच 'अगं-तुगं'वर येत. "सावकाश सांग. मी घाईत ऐकलं."

सायली डोळे पुसत हसली, आणि तिने पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.