उलट्या बुटांची मुलगी

दुपारचे चार वाजले होते आणि दवाखान्यातल्या सात नंबरच्या खोलीत बसलेल्या बाई अगदी वैतागून गेल्या होत्या. त्यांचं काम उदास मुलांशी बोलायचं. मूल नुसतं रुसलंय, दमलंय, की आतून खरंच विझत चाललंय, हे गप्पांमधून ओळखायचं आणि फॉर्म भरून डॉक्टरांकडे पाठवायचं. अठरा वर्षं हेच चाललं होतं. आज सकाळपासून अकरा मुलं झाली, आणि अकराही जणांनी एकाच शब्दावर त्यांची बोळवण केली होती.

झोप कशी लागते? ठीक. शाळा कशी चाललीय? ठीक. मग बाळा, तीन आठवडे तू जेवत का नाहीस? ठीक.

बारावी मुलगी नऊ वर्षांची होती. तिच्या वाट्याचं सगळं तिची आईच बोलत होती.

"काही झालेलं नाही हो हिला, मॅडम. शाळेनं चिठ्ठी दिली म्हणून आणलं. नाटकं आहेत नुसती."

"मी तिला विचारलं."

"तेच सांगतेय ना मी! झोपते ठीक, जेवते ठीक..."

बाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि आईला बाहेर बाकावर बसवून आल्या.

दार लागलं. फिनेलचा वास आणि डोक्यावर करकरणारा पंखा, एवढंच काय ते खोलीत उरलं. टेबलावर चेहऱ्यांचा तक्ता होता. हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहरे.

"आज तू यातली कोणती?"

मुलीनं मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ठीक."

टेबलावर डोकं आपटून घ्यावं असं बाईंना वाटलं. मग त्यांनी आपली जुनी युक्ती काढली.

"माझ्याकडे ना, तुझ्याएवढी एक मुलगी येते. तिला कशातच मजा वाटत नाही. तुझंही होतं का गं तसं?"

अशी मुलगी कधी आलीच नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनीच ती मनानं रचली होती. दुसऱ्याचं दुःख ऐकलं की मुलं आपलं बोलू लागतात. तेव्हा मुलांना हसवायला त्यांनी तिच्या पायांत बूटही उलटे घातले होते, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात. पण मुलं बुटांवर हसत आणि प्रश्न विसरत. म्हणून ते बूट त्यांनी गाळून टाकले, त्यालाही आता पंधरा-सोळा वर्षं झाली.

मुलीनं मान वर केली. "उलटे बूट घालते, तीच ना?"

"...तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. बाहेर बाकावर असते ती."

बाईंचा पारा चढला. ताडकन उठून त्यांनी दार उघडलं. बाहेर मावशी फरशी पुसत होत्या.

"मावशी, मुलांना काय काय सांगत बसता हो तुम्ही?"

"मी? अहो ताई, सकाळपासून पाणी प्यायला सवड नाही मला. गोष्टी सांगायला कुठून काढू?"

बाकावर मुलीची आई तेवढी होती. अख्खा बाक रिकामा असून ती अगदी कडेला अंग चोरून बसली होती, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

बाईंनी दार लावलं. आवाज आपोआप खाली आला.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, बाई माझं सगळ्यांना सांगतात... मला मात्र कधीच काही विचारत नाहीत."

"आणखी?"

"म्हणते... माझ्याबरोबर चल. तिकडे सकाळी उठावंच लागत नाही."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. वैताग कुठल्या कुठे गेला. बाकावर कोण बसतं ते नंतर बघू, हे समोरचं लेकरू आधी. या वेळी त्यांनी दुसऱ्या कुठल्या मुलीला मध्ये घातलं नाही.

"तुला स्वतःला वाटतं का गं, मरून जावं असं?"

पंखा करकरत राहिला. मग मुलीचं बोट तक्त्यावर सरकत सरकत शेवटच्या चेहऱ्यावर गेलं.

"रोज," ती म्हणाली आणि रडायला लागली.

बाईंनी आईला आत घेतलं. तिनं तोंड उघडलं तशी बाई म्हणाल्या, "आता तुम्ही फक्त ऐका." ऐकता ऐकता आईनं लेकीला जवळ ओढलं. "मला वाटलं, नुसती नाटकं..."

"डॉक्टर तिला आत्ताच बघतील. आज तिला इथेच ठेवून घेऊ. तुम्ही जवळ राहा. क्षणभरही एकटी सोडायची नाही."

आईनं लेकीचा हात घट्ट धरला. दोघी निघाल्या. उंबऱ्याशी मुलगी थांबली. मोकळा हात तिनं बाकाकडे लांब केला, बोटं मिटली, काहीतरी हलकेच आत ओढलं आणि सोडून दिलं.

"जा," ती म्हणाली. "आता तुझा नंबर."

पावलं लांब गेली. मावशींनी डोकावून विचारलं, "ताई, बाहेर कुणी नाही आता. दार ओढून घेऊ?"

"घ्या."

दार लागलं. काय हा खुळेपणा, असं स्वतःवरच चिडत बाईंनी कोरा फॉर्म पुढे ओढला. नावाची जागा तशीच सोडली. वयापुढे लिहिलं, नऊ. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता त्यांनी विचारलं,

"झोप कशी लागते गं तुला?"

पंख्याची करकर थांबली.

"ठीक."