पाव फेरा

माशांच्या टाकीखालच्या कपाटात डोकं खुपसून कुणीतरी मराठीत पाइपाला रागावत होतं. ते ऐकून वर्षिणीच्या हातातला फोन तसाच कानाला राहिला.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागातल्या त्या दातांच्या दवाखान्यात दोन वर्षं ती काउंटर सांभाळत होती. तिथं कन्नड चालायचं, इंग्रजी चालायचं. मराठी घरी, वडील रंगनाथ यांच्या शिलाई मशीनच्या शेजारी. आणि आज भर दुपारी कपाटातून घरचीच भाषा येत होती — "मेल्या, गप बस की जरा."

"त्याला मराठी कळतंय होय?" तिनं विचारलं.

डोकं आधी फळीवर आपटलं, मग बाहेर आलं. ओल्या बाह्या, भुवईला चिकटलेला कापलेल्या पाइपाचा भुसा, आणि डोळे… डोळ्यांकडे तिनं मुद्दामच नीट पाहिलं नाही.

"कन्नडात सांगून दमलो," तो म्हणाला. "म्हटलं, आमचं बोलून बघू."

तो गगन. मेटगळ्ळीतल्या एका वर्कशॉपच्या कोपऱ्यात समुद्री माशांच्या टाक्यांची नळजोडणी करायचा. पूर्वज म्हणे म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते; वडील खंडोजीराव अजून ते पाहुण्यांना ऐकवायचे. दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर नव्या यांना तिथं जिवंत प्रवाळ हवं होतं, आणि पाण्याचा आवाज मात्र अजिबात नको होता. आधीच घाबरलेल्या पेशंटला तो गुळगुळाट सोसत नाही, असं त्या म्हणायच्या. टाकी महिनाभर गप्प राहिली, तर हुणसूर रस्त्यावरच्या त्यांच्या दुसऱ्या दवाखान्यातली भिंतभर टाकी गगनची. त्या एका कामावर त्याचं स्वतःचं दुकान उभं राहणार होतं. वर्षिणीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुढं तिनं जे केलं ते माहीत नसताना केलं, असं कुणी म्हणू नये म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

त्या दुपारी त्यानं तिला सगळं समजावलं. टाकीतून पाणी काठावरून मागच्या खोक्यात पडतं, तिथून तीन पाइप खाली जातात. पहिला काठोकाठ भरून वाहतो. हवा शिरली नाही तर चकार शब्द काढत नाही. उरलेलं चमचाभर पाणी दुसऱ्यातून ओघळतं. तिसरा कोरडा, पहिले दोन्ही तुंबले तरच कामाचा. सगळी गोम पहिल्या पाइपाची वाट कमीजास्त करणाऱ्या चक्रीत. पाव फेरा फिरवायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. पाणी स्थिरावलं की ऐकायचं, मग पुन्हा पाव फेरा.

त्या दिवशी पाच वेळा दहा मिनिटं झाली. दवाखाना दोन ते चार बंद असायचा. तिनं डब्यातलं चित्रान्न, लिंबाचा भात, पुढं केलं, त्यानं ओल्या हातांनीच घेतलं. शेवटी टाकी गप्प झाली. चक्रीची जागा लक्षात राहावी म्हणून त्यानं खूण करायला काही मागितलं, तेव्हा तिनं पर्समधून वडिलांचा गुलाबी खडू काढून दिला. शिंप्याच्या पोरीच्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल, खडू असतोच. त्यानं चक्रीपासून पाइपापर्यंत एक रेघ ओढली.

"आता वर्षभर बघायला नको," तो म्हणाला आणि निघून गेला.

वर्षभर. तिनं दिवस मोजायला घेतले आणि आठव्या दिवशी हरली. कपाट उघडून तिनं चक्री थोडी सैल केली, जुनी रेघ पुसली, नव्या जागी तशीच रेघ काढली. पाइपानं हवा ओढली. गुर्र… गुळ्… एवढ्याशा आवाजानं कुणाचं काय बिघडतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि फोन उचलून गगनला बोलावलं.

तो आला. पाव फेरा, दहा मिनिटं. 'तुम्ही' गळून 'तू' झालं. त्याच्या बन्नूरच्या मामाच्या उसाच्या गोष्टी झाल्या. एकदा दोघांनी एकाच वेळी पाइपावर हात ठेवला आणि ती दहा मिनिटं जरा लांबली. तीन आठवड्यांत टाकी चारदा बोलली. तीनदा एकट्या वर्षिणीनं ऐकलं. चौथ्या वेळी डॉक्टर एका पेशंटसोबत बाहेरच उभ्या होत्या.

ज्याला एक टाकी गप्प ठेवता येत नाही त्याला भिंत कशी देऊ, असं म्हणून त्यांनी ते काम बेंगळुरूच्या लोकांना दिलं. हे कळलं त्या संध्याकाळी वर्षिणी आत गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं… चक्री, रेघ, सगळं.  डॉक्टर एवढंच म्हणाल्या की करारावर सही झाली आहे, आणि असं पुन्हा झालं तर दुसरी नोकरी बघ. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या रात्री ती जेवली नाही. ज्याला जीव लावला त्याचाच पाय आपण ओढला, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता गगन आला, न बोलावता. खाली बसून त्यानं चक्री आवळली. पाव फेरा.

"मीच करत होते ते," ती म्हणाली.

"ठाऊक हाय. पहिल्या खेपेलाच कळलेलं."

"कसं?"

"माझी रेघ वाकडी येती. तू काढलीस ती सरळ. शिंप्याच्या घरचा हात तो, लपतोय होय?"

तिनं वाकून ती रेघ पाहिली. "मग डॉक्टरांना का सांगितलं नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती." तो पाण्याकडे बघत राहिला. "आणि ती दहा मिनिटं मला पण पायजे होती, अल्वा, नाही का? चूक माझीही हाय."

त्याला चेन्नईला एका टाकीवाल्याकडे नोकरी मिळाली होती, रविवारची गाडी होती. म्हैसूर एवढंसं गाव. ज्याची टाकी गुळगुळते त्याला इथं पुन्हा कोण बोलावणार? थांब, असं तिच्या ओठांवर आलं. पण ते म्हणायचा हक्क तिनं स्वतःच्या हातानं घालवला होता, आणि ते तिला कळत होतं.

दहा मिनिटं संपली. त्यानं खडू मागितला, रेघ ओढली, तशीच वाकडी. खडू चुकून त्याच्याच खिशात गेला. तिनं मागितला नाही. दारात तो वळला.

"एकच विचारतो. आवाज कशाला पायजे होता, वर्षिणी? सुम्ने, नुसतं ये म्हणाली असतीस, तरी आलो असतो."

तिनं कपाटाचं दार हळूच लावून घेतलं. 

टाकीचं आता सगळे कौतुक करतात. प्रवाळाला जांभळे कोंब फुटलेत, पेशंट शांत बसतात, डॉक्टर खूश आहेत. दोन वाजले की वर्षिणी कपाट उघडून खाली बसते. चक्रीला हात लावत नाही. फक्त त्या वाकड्या रेघेशेजारी पाइपाला कान लावते आणि दहा मिनिटं ऐकते. काही ऐकू येत नाही. काम त्यानं चोख केलं होतं.