पुढची जागा

मुरबाडहून शहापूरला जायला तास-सव्वातास पुरतो. त्या दुपारी दर्शनाला तो कधी एकदा सरतोय असं झालं होतं. शहापुरात गिऱ्हाईक थांबलं होतं. गाडी चालवून बघणार आणि पसंत पडली की लगेच नेणार. लग्नाला आठ महिने झाले, आठही महिने ती प्रणितच्या मागे लागली होती... विका ही गाडी.

गाडी मनालीची. प्रणितची पहिली बायको, दोन वर्षांपूर्वी तापात गेलेली. पुढच्या सीटवर बसली की तोंड मिटून गुणगुणायची म्हणे. प्रणितने हे एकदाच सांगितलं होतं, पण सांगताना जसा हसला, तसा दर्शनाकडे बघून कधी हसला नव्हता.

प्रणित चालवत होता, दर्शना शेजारी बसली होती. किन्हवली मागे पडली आणि गाडीने दोन आचके दिले. बंद.

रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गॅरेजातून सावळाराम मिस्त्री हात पुसत आला.

"काटा अर्ध्यावर हाय. म्हंजे पेट्रोल हाय, पण वर चढत नाय." त्याने मागच्या सीटला कान लावला. "दादा, चावी द्या. सीटखालचा पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणला पायजे... हा तर मुकाच!"

फ्यूज बदलला. तरी मुका.

"बाय, तू सावलीत उभी ऱ्हा गो. उकडून मरशील."

दर्शना उतरली. पंप गुणगुणला, इंजिन लागलं. ती परत पुढे बसली... बंद. असं तीनदा झालं.

"वायर लूज असंल," सावळाराम म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. तिला पुन्हा उतरवून त्याने मागची सीट उचलली. पेट्रोलचा उग्र भपकारा आला. पंपाचा प्लग त्याने उपसून हातात धरला. "आता चावी दिली तरी आवाज यायचा नाय."

प्रणितने चावी फिरवली.

गुणगुण सुरू झाली. दोन सेकंद... पाच... दहा. आवाज मागून येत नव्हता. पुढच्या रिकाम्या सीटवरून येत होता, आणि त्याला चाल होती.

प्रणित हसला. तेच हसू.

सावळारामने घाईघाईने प्लग जोडला, सीट दाबून बसवली. "बाय... तू मागं बस."

"का?"

"बस गो. मला नको इचारू."

ती मागे बसली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. प्रणितने गाडी वळवली, आल्या वाटेने, मुरबाडकडे.

"अहो... शहापूर तिकडे..."

त्याला ऐकूच गेलं नाही. तेवढ्यात पुढच्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी टिंगटिंग करू लागली. रस्त्यावरची नजर न काढता प्रणितने डावा हात लांबवला, पट्टा ओढून घेतला, हळुवार अडकवला. टिंगटिंग थांबली.

दर्शनाला आधी भीती वाटायला हवी होती. आधी आठवलं ते हेच, की आठ महिन्यांत तिचा पट्टा त्याने एकदाही लावला नव्हता.

ती पुढे वाकली. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. वीतभर वर, गोलाई धरून ताणलेला होता... आणि सावकाश, एका लयीत, वर-खाली होत होता.