मामलेदाराच्या सोंगाला दाद

भुरभुर पाऊस चुकवायला लुआ घावनवाल्या मावशींच्या छपराखाली शिरली, तर समोर साक्षात मामलेदार बसलेला. डोक्यावर दोन पंखांची काळी टोपी, गालांवर जाड रंग, खोटी दाढी एका कानाला लोंबकळत ठेवलेली... आणि हातात कोळंबीचं गरम घावन.

"घ्या साहेब, आणखी एक घ्या," मावशी म्हणत होत्या. "माझ्या लेकाचा खटला तेवढा मनावर घ्या."

"घेतो की. पण कोळंबी सढळ हातानं घाला. नाहीतर न्याय पातळ होतो."

छपराखालचे सगळे कोळी हसले. लुआ हसली नाही.

"गेल्या वर्षी खाडीपलीकडच्या गावात तुम्ही घाई केलीत," ती म्हणाली. "लोकांचं हसू ओसरायच्या आत ढेकर दिलात."

त्याचा घास हातातच राहिला. "तुम्ही... होतात तिथे?"

"त्याच्या पुढच्या गावातही होते. तिथे ढेकर जमला."

"म्हणजे माझ्या मागे मागे गावोगाव—"

"मामलेदाराच्या मागे. तुमच्या नाही." हे बोलताना तिचे कान तापले होते, पण नजर तिनं खाली घेतली नाही.

त्याचं नाव लाम. बदकाच्या त्या जुन्या प्रहसनातला मामलेदार तोच करायचा. दोन शेजारी एका बदकावरून भांडतात, मामलेदार पुरावा म्हणून बदक ठेवून घेतो, आणि निकाल लागेपर्यंत हाडंच उरतात... त्या किनाऱ्यावर हे कुणाला ठाऊक नव्हतं? म्हाताऱ्या बायका तर नटाच्या आधीच वाक्यं म्हणून मोकळ्या होत.

आणि खेळाचा खरा न्याय व्हायचा तो ढोलावर. प्रेक्षकांतलं एक जाणतं माणूस रंगमंचासमोर ढोल घेऊन बसे. चामड्यावर टिपरू पडलं की दाद, लाकडी काठावर पडलं की नापसंती. लुआच्या गावात ते टिपरू तिच्या आजोबांकडे असे. यंदा त्यांचा हात उचलेना, म्हणून त्यांनी ते नातीला दिलं. मुलीच्या हातात टिपरू म्हणून चार जणांनी नाकं मुरडली. आजोबा म्हणाले, "तिच्याइतके खेळ पाहिलेला दुसरा कोण आहे, ते सांगा."

"आज ढोलावर तुम्ही?" तिच्या हातातलं टिपरू बघून लामनं विचारलं. "मग मेलोच मी."

"कामात कुचराई केलीत तर."

कोळी पुजत त्या देवमाशाच्या देवळासमोर मांडव सजत होता. पायऱ्यांवर गावचे अध्यक्ष तुओंग साहेब लुआची वाट बघत उभे होते. थंडीत त्यांनी कोळ्यांची जाळी तपासणीसाठी म्हणून उचलून नेली होती. ती अजून परत आली नव्हती.

"पोरी, कचेरीतली तुझी नोकरी अजून कच्चीच ना?" ते गोड आवाजात म्हणाले. "बदकाच्या प्रवेशाला काठावर मार. खेळ पडला असं दिसू दे. पुढच्या वर्षी दुसरी मंडळी बोलावू."

ती तशीच पडद्यामागे गेली आणि लामला सगळं सांगितलं. तो दाढी बांधता बांधता थांबला.

"मग मार काठावर. तुझी नोकरी—"

"तुम्ही बदकाच्या प्रवेशातली वाक्यं गाळणार आहात?"

"नाही."

"मग मला कसली अक्कल शिकवता?"

त्यानं दाढीची गाठ घट्ट केली. "बरं," तो हळूच म्हणाला. "ढेकराकडे लक्ष ठेव."

खेळ सुरू झाला. बदकाचा मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, माझं बदक?"

लामनं दात कोरले. आभाळाकडे पाहिलं. "पुरावा तपासणीत आहे."

मांडव गप्प झाला. सगळ्या माना पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे वळल्या, मग तिथून लुआकडे. अध्यक्षांची नजर तिला मानेवर टोचत होती. तिनं टिपरू उचललं आणि चामड्यावर हाणलं, खणखणीत.

हास्याचा लोंढा फुटला. मागून कुणी कोळी ओरडला, "आणि आमची जाळी?"

हे नाटकात नव्हतं. लाम सावकाश वळला. "तीही," तो म्हणाला. "पण ती काही केल्या शिजेनात."

लुआनं पुन्हा हाणलं. लोक उठून उभे राहिले. लामनं सगळा हशा ओसरू दिला, लुआकडे बघितलं, आणि मग कुठे ढेकर दिला. तिच्या टिपराला आता थांबणं ठाऊक नव्हतं. अध्यक्ष छत्री न उघडताच निघून गेले.

खेळ संपताच कचेरीचा शिपाई येऊन खालमानेनं सांगून गेला. उद्यापासून येऊ नकोस. लुआ ढोलाशीच बसून राहिली. लाम रंग न पुसताच समोर आला.

"गेली?"

"गेली."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. उद्या जास्त वाटेल." तिनं ओठ घट्ट मिटले. "पण परत सांगितलं तरी चामड्यावरच मारीन."

तो तिच्याजवळ टेकला. "एक विचारू? त्या ढोलात माझ्या वाट्याचं काही होतं?"

"सगळं खेळाचं होतं... शेवटचं तेवढं जरा लांबलं."

"ते ऐकलं मी." त्याचा आवाज एकदम साधा झाला. "उद्या मंडळी पुढच्या गावाला चालली. मी परत येईन, लुआ. खेळ नसताना. तुझ्या आजोबांना भेटायला."

"लोक म्हणतील, नटाच्या नादी लागली."

"म्हणतील."

"म्हणू देत."

तिनं गळ्यातला रुमाल काढला, पावसात भिजवला आणि भरल्या अंगणात, आयाबायांच्या देखत, त्याचा गाल पुसायला घेतला. इतकी गावं हिंडली होती ती, पण रंगाखालचा माणूस तिनं कधी पाहिलाच नव्हता. भुवयांवरचा काळा रंग निघाला, गालांवरचा लाल निघाला... तरी गाल लालच राहिले.

"इकडे बघ ना," ती म्हणाली.

एवढ्या लोकांपुढे दरबार भरवणारा तो माणूस काही केल्या मान वर करेना.