डब्यातलं निळं बटण

शिंप्याच्या दुकानात तिच्या कोटाचं वरचं निळं बटण तुटलं आणि घरंगळत थेट एका अनोळखी माणसाच्या बुटापाशी जाऊन थांबलं. त्याने ते उचललं, उजेडात धरलं आणि परत द्यायचं सोडून विचारलं, "हे... मला ठेवता येईल?"

बटणं जमवायचा तो. एकेकटी, जोडीदार हरवलेली. दिवसभर चष्मे दुरुस्त करायचा आणि उरलेला सगळा जीव बटणांवर टाकायचा. "डब्यात गेलेलं पुन्हा बाहेर येत नाही हं," त्याने आधीच बजावलं.

ती व्यंगचित्रकार. तिला तर घबाडच सापडलं. बटण देऊन टाकलं, कोटाला सेफ्टी पिन लावली आणि त्याच आठवड्यात चित्र काढून संपादकांच्या हवाली केलं. थंडीत कुडकुडणारा माणूस, शर्टाला एकही बटण नाही, काखेत बटणांचा डबा. खाली ओळ : 'एक जरी काढलं, तरी संग्रह मोडेल ना!'

संपादकांनी ते खणात टाकलं. तीही विसरली, कारण दरम्यान नको ते घडत होतं... त्याच्याबरोबरचा गुरुवारचा चहा रोजचा झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं.

आणि आज, रविवारी, तो पहिल्यांदा घरी यायचा, तर आजच संपादकांना खण उपसून ते चित्र पुरवणीत छापायची बुद्धी झाली. नाक, चष्मा, वाकडा भांग, सगळा तोच. शेंबडं पोरही ओळखेल.

"ताई, तो नाही येणार."

"नाही आला तर मी त्याला दोष देणार नाही," ताई म्हणाली. "चित्र मात्र झकास जमलंय."

"तू बहीण आहेस की वैरीण?"

अकरा वाजले. सव्वाअकरा. चहाचं आधण दोनदा ठेवून दोनदा उतरवलं. इतकी वर्षं लोकांची टर उडवली, पण ते लोकही पेपर वाचतात हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घंटा वाजली. तो दारात उभा होता. खिशातून पुरवणीची घडी डोकावत होती. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"पाहिलंस?" तिने विचारलं.

"सकाळपासून तिघांनी आणून दाखवलं."

"ते तेव्हाचं आहे... तेव्हा तू फक्त—"

"गंमत होतो?"

"हो." तिला वर बघवेना. "आता नाहीस."

तो आत येऊन बसला. मग म्हणाला, "तुझा कोट कुठाय?"

कोट दारामागेच होता. त्याने तो मांडीवर घेतला, पिन काढली आणि खिशातून सुईदोरा काढला. पाठोपाठ ते निळं बटण. बारीक स्क्रू फिरवणाऱ्या बोटांनी त्याने सावकाश चार टाके घातले.

"अरे, पण संग्रह..."

"मोडला." त्याने दातांनी दोरा तोडला. "राग आला होता. मग डबा उघडून बसलो, म्हणून उशीर झाला. सहा आठवडे ती पिन बघतोय, बघवत नव्हती. तू मला आवडतेस... तेच सांगायला आज येणार होतो, मधेच हे चित्र कडमडलं."

"मलाही," ती म्हणाली. "म्हणजे... तू."

"तिसऱ्यांदा ठेवते गं चहा," आतून ताईचा आवाज आला.

त्याने घडी उलगडून तिच्यापुढे धरली. "मग याचंही काहीतरी कर. गारठलाय बिचारा."

तिने निळी पेन्सिल घेतली. त्या कुडकुडणाऱ्या माणसाच्या शर्टाला तिने वरचं बटण काढून दिलं.