वाट्याला आलेला आठवडा

"घर आईंना, बँकेतलं आईंना," वकील कागदावरून मान न उचलता म्हणाले, "आणि ताई, तुम्हाला एक आठवडा."

"कसला आठवडा?"

आता बापाने लेकीसाठी मागे काय काय ठेवावं याला काही धरबंध नसतो, पण आठवडा म्हणजे जरा अतीच. तळ्याकाठच्या एका रिसॉर्टमधली एक खोली, दरवर्षी उन्हाळा सरताना ठरलेले सात दिवस बाबांच्या मालकीची होती. बाबांच्या हयातीत त्यांची, पुढे मुलीची, तिच्या पुढे तिच्या मुलांची. कधीच न संपणारी. ती बाबांनी ऐन उमेदीत घेतलेली, आणि घरात कुणाला त्याचा गंधसुद्धा नाही. शिवाय देखभालीच्या पैशांची थकबाकी, तीही आठवड्यासोबत हिच्याच गळ्यात.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"तो दौरा," आई शेवटी म्हणाली. "ऑडिटचा."

बाबा दरवर्षी त्या दिवसांत ऑडिटच्या दौऱ्यावर जायचे. बॅग आईच भरून द्यायची. आणि नेमकी तेव्हाच ही घरी तापाने फणफणलेली असायची. अगदी दरवर्षी. घरात त्या तापाला 'वार्षिक परीक्षा' म्हणत. डॉक्टर झाले, औषधं झाली, काही सापडलं नाही. मोठेपणी ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, तेव्हा तिने स्वतःचंच रक्त काढून तपासलं. सगळं जिथल्या तिथे. मग तिने नाद सोडला आणि त्या दिवसांची रजा आधीच टाकायला लागली.

"मी रात्र रात्र तुझ्या कपाळावर घड्या ठेवत बसले होते," आई म्हणाली, "आणि हा माणूस तळ्यावर हवा खात होता." बाबांना 'हा माणूस' असं आईने जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

वकिलांनी वाट दाखवली. "वारसा नाकारता येतो. फक्त त्या खोलीचा तुम्ही कधीही वापर केलेला नसावा. एक रात्रसुद्धा नाही. आणि तुम्ही नाकारलात की तो पुढे तुमच्या मुलीकडे जातो. ती कायद्याने अज्ञान, म्हणजे तिच्या वतीने नाकारायला कोर्टाची परवानगी आणावी लागेल. थोडे दिवस लागतील, इतकंच."

"सात वर्षांची आहे. अज्ञान म्हटलेलं तिला चालायचं नाही," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. पोरीच्या गळ्यात हे लोढणं जाऊ द्यायचं नाही, एवढं मात्र तिने तिथेच मनाशी पक्कं केलं.

रिसॉर्टवाल्यांची एकच अट होती. कपाटातलं सामान आधी हलवा, मग सही करा. आणि खोली उघडणार ती त्याच आठवड्यात. पोरीला आईकडे ठेवून ती निघाली. पर्समध्ये तापाच्या गोळ्या टाकल्या. बसमध्ये दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून बघत होती. कपाळ गार. यंदा सुटले, असं वाटून तिला जरा बरंच वाटलं.

तळं छान होतं. खोल्यांची देखभाल करणाऱ्या एक वयस्क बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे आल्या.

"आलीस का टिल्लू? यंदा एकटीच?"

तिचे पाय तिथेच थबकले. टिल्लू तिला फक्त बाबा म्हणायचे. आईदेखील नाही.

तिने मनातल्या मनात सगळं जुळवलं. म्हणजे बाबांनी इथे दुसरा संसार थाटला होता. बायको असेल, लेक असेल. आणि त्या लेकीला हाक मारायला नवं नावही सुचू नये? थकबाकीचं तिला तितकं काही वाटलं नव्हतं. हे मात्र आतवर लागलं. आपली एकुलती एक लाडकी हाक बाबांनी दुसरीला देऊन टाकली होती.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," ती म्हणाली. "मी पहिल्यांदाच येतेय."

बाई नुसत्या हसल्या आणि कुलूप उघडलं.

खोलीला ओल्या टॉवेलचा वास होता. कपाटात फ्रॉक, पोहण्याचे पोशाख, चपला. लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने लावलेल्या. तिने चपलांचा एक जोड उचलून पाहिला. मग दुसरा पाहिला. मग सगळेच उलटे करून पाहिले. प्रत्येक जोडातली डावी चप्पल बाहेरच्या कडेला झिजलेली होती.

ती डावा पाय ओढत चालते. लहानपणापासून.

"ही बघ तुझी उंची," बाई दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाल्या. पेन्सिलीच्या रेघा चौकटीवर वर वर चढत गेल्या होत्या. शेवटची रेघ गिरवून गिरवून जाड झालेली. "साहेब फुटपट्टी डोक्यावर ठेवायचे आणि तू हळूच टाचा उचलायचीस. मग म्हणायचे, टाच टेकव, लबाड."

तिने चपला काढल्या. चौकटीला पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर तळहात आडवा धरला, तो तसाच ठेवून बाजूला सरकली.

हात त्या जाड रेघेवर होता.

"ती... आजारी पडायची का इथे?"

"तू? छे. साधी शिंक नाही आली कधी. दिवसभर पाण्यात."

"आणि तिची आई?"

"त्या नाहीत आल्या कधी. साहेब म्हणायचे, घरी आजारी माणूस आहे, त्याच्याजवळ कुणीतरी हवं."

ती पलंगावर बसणार होती. वकिलांचं बोलणं आठवलं आणि उभीच राहिली. आईच्या वाट्याला ताप ठेवून हसरी, पोहणारी लेक बाबा स्वतः घेऊन येत होते. कसं, ते तिला विचारायचंही नव्हतं. आईला आपण काय तोंड दाखवायचं, एवढंच तिच्या मनात आलं. तिला रडू फुटलं, तेही रागाचं.

सामान पिशव्यांत कोंबून ती तडक ऑफिसात गेली. मॅनेजरने अदबीने फॉर्म पुढे केला. 'खोलीचा वापर केला आहे का' या रकान्यापाशी तिचा हात थांबला. मग तिने 'नाही' लिहिलं आणि सही केली.

मॅनेजरने हरकत घेतली नाही. "आठवड्याला माणूस असलं की झालं. तुमचं नाव कमी केलं. आता मुलगी."

"तिच्यासाठी कोर्टाची परवानगी येतेय."

"येईल की. आठवडा मात्र आज सुरू झाला."

बाहेर येईपर्यंत फोन वाजला. आईचा.

"अगं, हिला आत्ता एकाएकी कणकण आली. बघता बघता अंग भाजायला लागलंय. घड्या ठेवतेय मी."

ती पायरीवरच थांबली.

"तिच्या कानाला फोन लाव, आई."

फोनमधून पोरीचा श्वास ऐकू आला.

"बाळा?"

"आई, तू ऑफिसात का गेलीस?" पोरीचा आवाज झोपाळलेला होता, पण तक्रार खरीखुरी होती. "मी दारापाशीच उभी होते. टाचा नव्हत्या उचलल्या मी. तरी आजोबा मला लबाड म्हणाले."